वॉर्डातून हेल्थकेअर आयटीत जायचंय? सुरुवात स्वतःच्याच हॉस्पिटलातून करा

प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात आहेत. बी.एस्सी. नर्सिंग, नऊ वर्षांचा अनुभव, त्यातला बराचसा आयसीयूतला. मुलगी पहिलीत गेली आहे आणि नाइट ड्युट्या आता झेपेनाशा झाल्या आहेत. हॉस्पिटलात नवीन एचआयएस, म्हणजे हॉस्पिटलचं काम चालवणारी कॉम्प्युटर सिस्टिम, आली तेव्हा इन्चार्जनी त्यांना सुपर यूजर, म्हणजे इतरांना ती शिकवणारी आणि अडचणी सोडवणारी, केलं आणि ते काम त्यांना मनापासून आवडलं. आता त्या विचारतात: हेल्थकेअर आयटीत जायचं तर दीड लाखाचा ऑनलाइन डिप्लोमा करू का? प्रोग्रामिंग यायलाच हवं का? नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन ठेवू की सोडू? आणि चौतिसाव्या वर्षी हे सगळं सुरू करायला उशीर तर झाला नाही ना?

सिस्टर, मी स्टाफ नर्स म्हणून सुरुवात केली, मग हॉस्पिटल सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत गेले, आणि आता एका हॉस्पिटल समूहात क्लिनिकल इन्फर्मेटिक्सचं, म्हणजे उपचारांचं काम आणि कॉम्प्युटर सिस्टिम यांची सांगड घालण्याचं, काम बघते. त्यामुळे आधी थेट उत्तरं देते. जरूर जा. दीड लाख आत्ता खर्च करू नका. प्रोग्रामर व्हायची गरज नाही, पण डेटाबेसमधून स्वतःला हवी ती माहिती काढता आली पाहिजे. रजिस्ट्रेशन काहीही झालं तरी सोडू नका. आणि चौतीस म्हणजे उशीर कसला? वॉर्डात चार-सहा वर्षं न काढलेल्या नर्सला मी माझ्या टीममध्ये घेतच नाही.

यातलं शेवटचं वाक्य नीट समजावून सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

कंपनी किंवा हॉस्पिटलचा आयटी विभाग तुम्हाला घेईल तो कॉम्प्युटर येतो म्हणून नाही. कॉम्प्युटर येणारी मुलं हिंजवडीत पैशाला पासरी आहेत. त्यांना जे ठाऊक नसतं ते तुम्हाला इतकं सवयीचं झालेलं असतं की ते ज्ञान आहे हेच तुमच्या लक्षात येत नाही. इनपुट-आउटपुट चार्टच घ्या. वॉर्डातला दिवस रात्री बाराला बदलत नाही. चोवीस तासांची बेरीज सकाळी सहाला, सातला किंवा आठला होते, जिथे जसा शिरस्ता असेल तशी. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात मात्र दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. त्यानं तशी बेरीज लावली की सकाळच्या राऊंडला स्क्रीनवर फक्त रात्री बारानंतरचं युरिन दिसतं. प्रत्यक्षात चौदाशे मिली झालेल्या पेशंटच्या नावापुढे साडेतीनशे. आता फ्लुइड वाढवायचं की लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) द्यायचं, हा निर्णय त्याच आकड्याकडे बघून होणार असतो. त्या मुलाची यात काही चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगायला वॉर्डातलं कुणी त्या खोलीत लागतं.

दुसरं उदाहरण तुम्ही रोज बघता. संध्याकाळी पाचला अ‍ॅडमिशन, अमिकासिन हे अँटिबायोटिक 'स्टॅट अँड बीडी', म्हणजे एक डोस लगेच आणि मग दिवसातून दोनदा. पहिला डोस साडेपाचला गेला. तुमच्याकडे बीडी म्हणजे सकाळी दहा आणि रात्री दहा असं ठरलेलं असेल, तर सिस्टिम मुकाट्यानं रात्री दहाचा डोस तयार करते. साडेचार तासांत दुसरा डोस, आणि क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, म्हणजे किडनी आधीच अडचणीत. कागदाच्या काळात सिस्टर विचारायची, 'सर, रात्रीचा देऊ की उद्यापासून लावू?' हा प्रश्न स्क्रीनवर आपोआप पडत नाही. तो पडावा म्हणून कुणीतरी तशी रचना करून घ्यावी लागते. असे शेकड्यांनी प्रसंग असतात. जुळं झालं की 'बेबी ऑफ' दोन नोंदी, आणि दोन्हींचे रिपोर्ट वेगळे ठेवायची कसरत. वॉर्डातून आयसीयूत शिफ्ट झाल्यावर जुन्या ऑर्डर चालू ठेवायच्या की सगळ्या नव्यानं लिहायच्या. फोनवर सांगितलेली ऑर्डर कुणाच्या नावे नोंदवायची आणि डॉक्टरांनी ती किती वेळात सही करायची. रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा दर सिस्टिममध्ये मायक्रोग्रॅममध्ये आणि पंपावर मिली प्रति तास.

ही बाब किती गंभीर होऊ शकते याचं या क्षेत्रात वारंवार सांगितलं जाणारं उदाहरण पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाचं आहे. २००२च्या ऑक्टोबरमध्ये तिथे डॉक्टरांनी ऑर्डर कॉम्प्युटरवर टाकायची पद्धत अवघ्या सहा दिवसांत सगळ्या रुग्णालयात लागू केली. त्यानंतर दुसऱ्या रुग्णालयांतून आणल्या जाणाऱ्या अत्यवस्थ मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचं तिथल्याच डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलं. कारणं वाचली की वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटतात. पूर्वी अ‍ॅम्ब्युलन्स वाटेत असतानाच औषधं तयार करायला सांगता यायची. आता मूल पोचून त्याची नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डरच टाकता येईना. तातडीची औषधं युनिटमध्ये हाताशी असायची, ती मध्यवर्ती फार्मसीकडे गेली. एकेका ऑर्डरला पुष्कळ क्लिक लागू लागले, आणि पेशंटजवळ असायला हवीत ती माणसं कॉम्प्युटरपाशी अडकली. आयसीयूसाठी तयार ऑर्डर सेट, म्हणजे नेहमी एकत्र लागणाऱ्या ऑर्डरचे संच, नव्हते.

याच गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयात त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आलं आणि तिथे मृत्यूचं प्रमाण वाढलं नाही, असा अभ्यास पुढच्याच वर्षी आला. तिथल्यांनी पिट्सबर्गच्या अनुभवावरून आधीच धडा घेतला होता आणि नेहमी लागणारे ऑर्डर सेट तयार ठेवले होते. म्हणजे सॉफ्टवेअर तेच, फरक ते रुग्णालयाच्या कामात बसवण्याच्या तयारीचा. ही तयारी करणं म्हणजेच तुमचं भावी काम. अमेरिकन नर्सेस असोसिएशननं १९९२ साली नर्सिंग इन्फर्मेटिक्सला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात हा विषय आला, म्हणजे तुमच्या बॅचला तो नव्हताच. काही बिघडलं नाही.

आता बाजारात 'हेल्थकेअर आयटी' या एकाच नावाखाली काय काय विकलं जातं ते बघा, कारण इथेच बऱ्याच जणी वाट चुकतात. जाहिराती सर्वात जास्त दिसतात त्या मेडिकल कोडिंगच्या. ते अमेरिकेतल्या विमा बिलांसाठी केस पेपर वाचून आजारांचे आयसीडी आणि उपचारांचे सीपीटी आकडे लावायचं काम. प्रामाणिक काम आहे, नर्सेसना जमतं, घरून करता येतं. पण तिथे रोजचं टार्गेट आणि अचूकतेची टक्केवारी असते, आणि त्यातून सिस्टिम घडवण्याच्या कामाकडे जायला थेट जिना नाही. शिवाय यंत्रानं कोड सुचवण्याचं प्रमाण वाढतं आहे. तुम्हाला सुपर यूजरचं काम आवडलंय, तर कोडिंगमध्ये तुमचा जीव रमणार नाही असं मला वाटतं.

दुसरा रस्ता क्लिनिकल ट्रायलच्या डेटा मॅनेजमेंटचा आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचा, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्सचा. मुंबई-पुण्यात ही कामं आहेत आणि नर्सिंगची पदवी चालते. पण तेही वेगळं जग आहे. तुमच्या मनात जे आहे ते म्हणजे हॉस्पिटलच्या सिस्टिमचं काम. ते करणारे दोन प्रकारचे मालक असतात: सॉफ्टवेअर कंपन्या आणि खुद्द हॉस्पिटलं. कंपनीत इम्प्लिमेंटेशन, ट्रेनिंग, टेस्टिंग, बिझनेस अ‍ॅनालिस्ट अशी पदं असतात. फिरती बरीच असते, आज इंदूर तर पुढच्या महिन्यात कोची. शिकायला मात्र यासारखी जागा नाही, कारण दहा हॉस्पिटलं दहा तऱ्हांनी काम करताना दिसतात. हॉस्पिटलच्या बाजूचं काम स्थिर असतं, मुलगी लहान असताना सोयीचं, पण पदाचं नाव धड नसतं आणि 'सिस्टर, प्रिंटर चालत नाहीये' हेही तुमच्याच गळ्यात पडतं.

तुम्ही हॉस्पिटलच्या बाजूनं सुरुवात करावी. तुम्ही तिथे आहातच.

सुपर यूजर म्हणजे लग्नघरातली थोरली मुलगी: हाक सगळे तिलाच मारतात, पत्रिकेत नाव मात्र नसतं. हे नाव लागावं म्हणून काही गोष्टी आजपासून करता येतील. पहिली म्हणजे तक्रारींची वही, एक्सेलमध्ये. 'सिस्टिम स्लो आहे' ही तक्रार कुणी सोडवू शकत नाही. 'दुपारी दोनच्या हँडओव्हरला, महिला मेडिकल वॉर्डात, औषधांची यादी उघडायला मिनिटभर लागतो; त्याच वेळी आयसीयूत लागत नाही' ही तक्रार सोडवता येते. कुठल्या स्क्रीनवर, काय करत असताना, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पेशंटला धोका आहे का, आणि तोवर काम कसं भागवलं, एवढं लिहायचं. पेशंटचं नाव किंवा नंबर या फायलीत येऊ द्यायचा नाही, आणि फाईल हॉस्पिटलच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरी हे पाळायचंच होतं.

शेवटचा मुद्दा, काम कसं भागवलं, त्यात सोनं दडलेलं असतं. बारकोड वापरून औषध देण्याची पद्धत खरोखर उपयोगाची आहे. बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयातल्या २०१०च्या अभ्यासात औषध देतानाच्या चुका, वेळेच्या चुका सोडून, ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. पण त्याआधी २००८ साली पाच अमेरिकन रुग्णालयांचा एक अभ्यास आला होता. त्यात नर्सेस बारकोडला वळसा घालतात असे १५ प्रकार आणि त्यामागची ३१ कारणं नोंदली होती: मनगटावरच्या पट्टीचा बारकोड पुसलेला, स्कॅनरची बॅटरी उतरलेली, वायफाय कोपऱ्यातल्या खोलीत पोचत नाही, औषधावर बारकोडच नाही. आपल्याकडे शेवटचं कारण सर्रास दिसतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक झाला, पण तो खऱ्या-खोट्या औषधाच्या ओळखीसाठी, पाकिटावर. स्ट्रिप कापून दोन गोळ्या वॉर्डात आल्या की त्यांच्यावर काहीच उरत नाही. मग फार्मसीत पुन्हा लेबल लावायचं कुणी, ही खरी चर्चा असते. स्कॅनर विकायला आलेला माणूस ती काढत नाही, तुम्ही काढाल.

इथे एक सावधगिरी. पेशंटच्या पट्टीचा जास्तीचा प्रिंट काढून नर्सिंग स्टेशनवर चिकटवून ठेवलाय आणि तिथूनच स्कॅन होतंय, हे तुम्हाला दिसेल. ते धोक्याचं आहे आणि थांबवायलाच हवं. पण मीटिंगमध्ये 'तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर असं करतात' हे सांगून सुरुवात करू नका. 'कोपऱ्यातल्या चार खोल्यांत स्कॅनर चालत नाही, म्हणून पट्टी बाहेर आली आहे' असं सांगा. दोन्ही खरंच आहे. पहिल्यानं मेमो निघतो आणि पुढच्या वेळेपासून वॉर्ड तुम्हाला काहीच सांगत नाही. वॉर्डानं सांगणं थांबवलं की या कामात तुमच्याकडे काही उरत नाही.

दुसरं, नवीन स्क्रीन किंवा बदल येतो तेव्हा चाचणीसाठीचे प्रसंग तुम्ही लिहून द्या. आयटीवाले 'पेशंट अ‍ॅडमिट केला, औषध लिहिलं, डिस्चार्ज केला' एवढं तपासतात. तुम्ही लिहा: डोस द्यायच्या वेळी पेशंट सीटी स्कॅनला गेला आहे, अर्धा डोस गेल्यावर व्हेन गेली, डामा (सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेतला पण बिल अर्धवट, एमएलसी (पोलिसांना कळवायची) केस, नाव अज्ञात, दोन तासांनी नातेवाईक आले आणि जुना नंबर सापडला. असे वीस प्रसंग लिहिलेले माझ्यापुढे मुलाखतीत ठेवले तर मी प्रमाणपत्र बघायचीही नाही.

तिसरं, सिस्टिम बंद पडल्यावरचं काम. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तिथलं बरंच काम कागदावर चालवावं लागलं. तुमच्या हॉस्पिटलात उद्या दोन तास सर्व्हर पडला तर ऑर्डर कुठल्या फॉर्मवर लिहायची, चालू औषधांची यादी कुठून मिळणार, आणि सर्व्हर परत आल्यावर मधले डोस कुणी, कुठल्या वेळेनं भरायचे? बहुतेक ठिकाणी हे ठरवलेलंच नसतं. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचनं २०२३ साली हॉस्पिटलांसाठी डिजिटल हेल्थची स्वतंत्र मानकं आणली आहेत, त्यामुळे तुमच्या क्वालिटी विभागालाही आज ना उद्या हे लागणारच आहे. तुम्ही एका वॉर्डापुरता कच्चा आराखडा करून डीएनएस मॅडमपुढे, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांपुढे, ठेवा. कुणाच्या अधिकारात हात न घालता तुमचं नाव पुढे येईल असं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

आता शिकण्याचं. आधी एक्सेल, पिव्हट टेबलपर्यंत. मग एसक्यूएल. ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा आहे आणि प्रोग्रामिंगची वाटते तशी तिची भीती वाटायचं कारण नाही. रोज तासभर दिलात तर दोन-तीन महिन्यांत कामापुरती येते, आणि फुकट शिकता येते. त्यापुढे पायथॉन वगैरे शिकायचं की नाही ते नंतर बघा; माझं अजून अडलेलं नाही. एसक्यूएल कशाला, तर समजा प्रश्न आला की स्टॅट अँटिबायोटिक ऑर्डरपासून पेशंटला मिळेपर्यंत किती वेळ लागतो. अ‍ॅनालिस्ट दोन वेळांतला फरक काढून आलेख देईल. तुम्ही तोच डेटा बघाल तेव्हा दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी एकाच सिस्टरच्या नावे चौदा औषधं दिसतील, आणि तुम्हाला लगेच कळेल की ही औषधं देण्याची वेळ नसून हँडओव्हरच्या आधी नोंदी भरल्याची वेळ आहे. तो आलेख मग निर्णयाच्या लायकीचा राहत नाही. डेटा काढता येणं आणि त्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे कळणं, दोन्ही एकाच माणसाकडे असेल तर तिची किंमत वाढते.

त्यानंतर मानकं. वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी, तपासण्यांसाठी लॉइंक, आजारांसाठी आयसीडी, आणि सिस्टिमनी एकमेकींशी बोलण्याचं फायर नावाचं मानक. नावं ऐकून दडपण येतं, पण तुमच्यासाठी यात थोडीच मेहनत आहे, कारण आतला मजकूर तुमच्या रोजच्या कामाचाच आहे. भारत २०१४ साली स्नोमेडचा सदस्य देश झाला, त्यामुळे इथे वापराला परवाना-शुल्क नाही. त्यांचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रमही मोफत आहे. याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये डिस्चार्ज समरी, प्रिस्क्रिप्शन, लॅब रिपोर्ट कुठल्या साच्यात पाठवायचे ते याच केंद्रानं फायरवर बेतून मांडलं आहे. ते दस्तऐवज सगळ्यांना खुले आहेत. डिस्चार्ज समरीचं तेवढं वाचा आणि तुमच्या हॉस्पिटलच्या समरीशी ताडून पहा. कुठल्या रकान्याला तुमच्याकडे जागाच नाही ते लिहून काढा. मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं, आणि त्यातल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदवहीत नर्सेसनाही नाव नोंदवता येतं. तेही करून टाका.

सराव करायला सिस्टिम हवी तर बहमनी पहा. ही मुक्त स्रोत (कुणालाही फुकट वापरता-बदलता येणारी) हॉस्पिटल सिस्टिम ओपनएमआरएस या वैद्यकीय नोंदींच्या सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि तिची पहिली वापराची जागा म्हणजे छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळचं गनियारी, जन स्वास्थ्य सहयोगचं ग्रामीण रुग्णालय. स्वतःच्या लॅपटॉपवर घेता येते, फॉर्म बनवता येतात, मोडतोड करता येते. हॉस्पिटलच्या चालू सिस्टिमवर हे प्रयोग करू नका, हे सांगायला नको.

मग डिप्लोमा? सध्या नको. पाच-सहा आठवड्यांचे व्हिडिओ आणि शेवटी प्रमाणपत्र अशा कोर्सनं पहिली नोकरी मिळालेली नर्स माझ्या पाहण्यात नाही. नोकरी मिळाल्यावर कंपनीनं कोर्स करवलेल्या पुष्कळ आहेत. दोन-तीन वर्षं या कामात काढल्यावर पुढे व्यवस्थापनात जायचं वाटलं तर पूर्ण वेळाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करा. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि पुण्यात सिम्बायोसिस इथे हॉस्पिटल व्यवस्थापनाचे जुने, नावाजलेले अभ्यासक्रम आहेत. तेव्हा ते पैसे वसूल होतील, कारण शिकवणाऱ्याला काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल.

रजिस्ट्रेशनबद्दल मी आग्रही का? इथली मीटिंग एखाद्या टप्प्यावर 'हे क्लिनिकली सुरक्षित आहे का' या प्रश्नावर येतेच, आणि तिथे नोंदणीकृत माणसाच्या शब्दाला वजन असतं. इंग्लंडमध्ये तर हे नियमातच आहे: आरोग्य सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेची जी दोन मानकं आहेत, त्यांच्यानुसार क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर हा चालू नोंदणी असलेला क्लिनिशियनच लागतो, आणि नर्स ते पद घेऊ शकते. अमेरिकेतल्या नर्सिंग इन्फर्मेटिक्सच्या बोर्ड प्रमाणपत्रालाही चालू नर्सिंग परवाना लागतो. ती परीक्षा मात्र नाशिकमध्ये बसून करण्याच्या फंदात आत्ता पडू नका. आखातात आपल्या कितीतरी नर्सेस मोठ्या परदेशी सिस्टिमवर रोज काम करतात आणि तिथूनच आत शिरतात. घरी कधी दुबई-अबुधाबीचा विषय निघाला तर हे लक्षात ठेवा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण आणि सीएनईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) तास यासाठी वर्षाकाठी थोडा वेळ लागतो. तेवढा काढा.

एआयमुळे ही कामं जातील का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण नवरा किंवा भाऊ नक्की विचारेल. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात, मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या, सेप्सिस (संसर्गातून येणारी जीवघेणी अवस्था) ओळखणाऱ्या एका प्रणालीची स्वतंत्र तपासणी झाली. २०२१ साली निष्कर्ष आले: सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के पेशंट तिच्या हातून सुटले, आणि तरीही दाखल झालेल्या १८ टक्के पेशंटसाठी तिनं इशारा वाजवला. असा इशारा किती वेळा वाजला की सिस्टर बघायचं सोडते, आणि कुठल्या आकड्यावर वाजला तर खरंच धावत जाते, हे ठरवायला आयसीयूत नऊ वर्षं काढलेलं माणूसच लागेल. नोंदी भरायचं कारकुनी काम कमी होईल, ते होऊ दे.

राहिला पगार आणि नाइटचा विषय. पहिल्या बदलीत पगारवाढीची अपेक्षा ठेवू नका. नाइटचा भत्ता धरला तर सुरुवातीला हातात थोडे कमीही येतील. वाढ दिसते ती दुसऱ्या नोकरीत, आणि सॉफ्टवेअर कंपनीत ती हॉस्पिटलपेक्षा जास्त असते. नाइट संपतात हे खरं, पण गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम सुरू होण्याच्या, आठवड्यात तुम्ही रात्री वॉर्डातच असाल आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं. मान मिळण्याचं म्हणाल तर सुरुवातीला आयटीवाले तुम्हाला नर्स समजून तांत्रिक चर्चेतून वगळतील आणि वॉर्डातल्या मैत्रिणी 'आता काय बाई, एसीत बसते' म्हणतील. दोन्ही बाजूंची ही बोलणी पहिलं वर्षभर चालतात. पेशंटची आठवण येते. ज्यांना फार येते त्या परत जातात आणि उत्तम इन्चार्ज होतात, त्यांच्या वॉर्डातली सिस्टिम बघण्यासारखी असते.

लगेच राजीनामा देऊ नका. आधी डीएनएस मॅडमना भेटून अर्धा वेळ वॉर्ड आणि अर्धा वेळ सिस्टिमचं काम असं सहा महिन्यांसाठी मागा, आणि मिळालं तर ते पत्रावर घ्या. नर्सिंग इन्फर्मेटिक्स समन्वयक, क्लिनिकल सिस्टिम समन्वयक, जे नाव त्यांना चालेल ते. नाही म्हणाल्या तर तक्रारींची वही आणि चाचणीचे प्रसंग यांच्या जोरावर बाहेर अर्ज करा. त्यातून हॉस्पिटलचं नाव आणि अंतर्गत तपशील आधी काढून टाका. आणि सोडताना अनुभवाच्या दाखल्यात 'स्टाफ नर्स, आयसीयू' एवढ्यावर भागवू देऊ नका. 'एचआयएस अंमलबजावणीत सुपर यूजर, प्रशिक्षण व चाचणीची जबाबदारी' ही ओळ एचआरकडून लिहूनच घ्या. पुढच्या कंपनीत तुमचा अर्ज पहिल्यांदा उघडणारा मुलगा पंचविशीचा असेल आणि तो तीच ओळ शोधत असेल.